कंपनीच्या संकेतस्थळावरून उत्पादनाची तांत्रिक माहिती कशी मिळवावी

उत्पादक कंपनीचे संकेतस्थळ दोन वेगवेगळ्या वाचकांसाठी लिहिलेले असते. एक वाचक खरेदीच्या विचारात असतो. त्याच्यासाठी मोठी छायाचित्रे, ठळक आकडे आणि भरघोस विशेषणे असलेली पाने विक्री विभागाच्या देखरेखीखाली तयार होतात. दुसरा वाचक ती वस्तू बसवणारा, दुरुस्त करणारा किंवा स्वतःच्या यंत्रात सुटा भाग म्हणून वापरणारा असतो. त्याच्यासाठी अभियंत्यांनी लिहिलेले, बहुधा पीडीएफ स्वरूपातले रूक्ष दस्तऐवज त्याच संकेतस्थळावर बरेच आत ठेवलेले असतात. नवखा माणूस पहिल्या वाचकाच्या दारातून आत शिरतो, दुसऱ्या वाचकाचे उत्तर तिथे शोधत बसतो आणि शेवटी कंपनीने माहिती दिलेलीच नाही, असे ठरवून परततो. बहुतेक वेळा माहिती दिलेली असते. ती गाठायची तर उत्पादनाचा नेमका क्रमांक हाती असावा लागतो, योग्य दस्तऐवज ओळखता यावा लागतो आणि आकड्याशेजारी बारीक अक्षरांत लिहिलेली अट वाचण्याची सवय लावून घ्यावी लागते.

शोधाआधी क्रमांक

संगणकासमोर बसण्यापूर्वी वस्तूजवळ जावे. खोक्यावर किंवा वस्तूच्या दर्शनी भागावर छापलेले नाव हे बहुधा मालिकेचे नाव असते आणि एका मालिकेत अनेक मॉडेले असतात. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळे प्रोसेसर, वेगवेगळे पडदे आणि वेगवेगळ्या बॅटऱ्या असू शकतात. त्यामुळे नावावरून शोधलेले मॅन्युअल आपल्या हातातल्या यंत्राला लागू पडेलच असे नाही. खरा क्रमांक मागच्या बाजूच्या लेबलवर, बॅटरीच्या कप्प्यात, दाराच्या आतल्या कडेवर किंवा मोटारीच्या धातूच्या नेमप्लेटवर असतो. लेबलवर मॉडेल क्रमांक, पार्ट क्रमांक, सिरीयल क्रमांक आणि काही वेळा हार्डवेअर आवृत्ती असे तीन-चार आकडे एकत्र दिलेले असतात. ते सगळे टिपून घ्यावेत, कारण संकेतस्थळ त्यांपैकी नेमका कोणता मागेल हे आधी सांगता येत नाही.

हार्डवेअर आवृत्तीकडे विशेष लक्ष द्यावे. वायफाय राउटरच्या लेबलवर मॉडेल क्रमांकाशेजारी व्ही१, व्ही२ असे काहीतरी छापलेले असते. बाहेरून दोन्ही राउटर सारखेच दिसतात, पण आतली मुख्य चिप वेगळी असू शकते आणि एका आवृत्तीचे फर्मवेअर (उपकरणाच्या आतच चालणारे सॉफ्टवेअर) दुसऱ्या आवृत्तीवर टाकल्यास राउटर कायमचा निकामी होण्याची शक्यता असते. टीपी-लिंकसारख्या कंपन्यांच्या डाउनलोड पानावर आधी ही आवृत्ती निवडावी लागते. ती निवड अनेक जण निव्वळ अडथळा समजून अंदाजाने करून टाकतात आणि पुढची सगळी माहिती चुकीच्या यंत्राची वाचतात.

क्रमांकाच्या पुढेमागे लागणारी अक्षरेही शोभेसाठी नसतात. ६२०४ या बेअरिंगचे उदाहरण घेऊ. मूळ क्रमांक आंतरराष्ट्रीय पद्धतीने ठरलेला आहे: शेवटच्या ०४ ला पाचने गुणले की आतल्या छिद्राचा व्यास २० मिलिमीटर येतो, बाहेरचा व्यास ४७ आणि रुंदी १४ मिलिमीटर असते, या मापांत कोणत्याही कंपनीचे ६२०४ सारखेच असते. पुढची अक्षरे मात्र कंपनीनुसार बदलतात. दोन्ही बाजूंना धातूची झाकणे असलेल्या बेअरिंगला एसकेएफ २झेड म्हणते, तर इतर अनेक कंपन्या झेडझेड म्हणतात. दोन्ही बाजूंना रबरी सील असेल तर एसकेएफच्या यादीत २आरएसएच, एनएसकेच्या यादीत डीडीयू आणि एनटीएनच्या यादीत एलएलयू अशी अक्षरे आढळतात. एका कंपनीच्या बेअरिंगवरची अक्षरे दुसऱ्या कंपनीच्या शोधचौकटीत टाकली, की 'काही सापडले नाही' असे उत्तर येणारच. अशा वेळी अक्षरे काढून फक्त ६२०४ शोधावे आणि आलेल्या यादीतून आपल्याला हवा तो प्रकार निवडावा. त्यापुढे सी३ असे लिहिलेले असेल तर ते मात्र विसरू नये. आतल्या गोळ्या आणि कड्यांमधली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त ठेवलेली आहे, एवढा अर्थ त्या दोन चिन्हांत असतो आणि गरम चालणाऱ्या मोटारीत तो महत्त्वाचा ठरतो.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये हा काटेकोरपणा आणखी वाढतो. पीएन२२२२ए आणि पी२एन२२२२ए हे दोन ट्रान्झिस्टर नावाने जुळे वाटतात, दिसायलाही सारखेच असतात, पण त्यांच्या पायांचा क्रम एकमेकांच्या उलट असतो. सपाट बाजू आपल्याकडे धरली असता पहिल्यात डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर येतात, तर दुसऱ्यात कलेक्टर, बेस, एमिटर. एका अंकाकडे दुर्लक्ष करून भलत्याच डेटाशीटवरून (भागाच्या तांत्रिक तपशिलांच्या पत्रकावरून) जोडणी केली, तर दोष ना ट्रान्झिस्टरचा असतो ना डेटाशीटचा.

लेबलचे छायाचित्र काढून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय, आठ आणि बी या जोड्या हाताने उतरवताना हमखास बदलतात. छायाचित्र असेल तर शंका आल्यावर पुन्हा फ्रिज भिंतीपासून ओढावा लागत नाही.

नेमके कोणाचे संकेतस्थळ

वस्तू जिच्या नावाने विकली गेली ती कंपनी आणि आज तिची कागदपत्रे सांभाळणारी कंपनी एकच असेल असे नाही. नॅशनल सेमीकंडक्टर २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे गेली, फ्रीस्केल २०१५ मध्ये एनएक्सपीकडे, ॲटमेल आणि फेअरचाइल्ड २०१६ मध्ये अनुक्रमे मायक्रोचिप आणि ऑन सेमीकंडक्टरकडे, तर लिनियर टेक्नॉलॉजी २०१७ मध्ये ॲनालॉग डिव्हायसेसकडे गेली. चिपवर जुन्या कंपनीचे चिन्ह असले, तरी तिची डेटाशीट नव्या मालकाच्या संकेतस्थळावर शोधावी लागते. विलीनीकरणाचा एक गमतीदार परिणाम एलएम३१७ या सुपरिचित व्होल्टेज रेग्युलेटरच्या (विद्युतदाब स्थिर ठेवणाऱ्या चिपच्या) बाबतीत दिसतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स हा रेग्युलेटर आधीपासून बनवत होती आणि नॅशनलचाही तिच्याकडे आला. त्यामुळे आज तिच्याच संकेतस्थळावर एलएम३१७ आणि एलएम३१७-एन अशा दोन स्वतंत्र डेटाशीट आहेत. कंपन्या फुटल्यानेही असाच घोळ होतो. ह्यूलेट-पॅकार्डची २०१५ मध्ये दोन कंपन्यांत विभागणी झाल्यापासून प्रिंटर आणि लॅपटॉपची कागदपत्रे एका संकेतस्थळावर, तर सर्व्हरची दुसऱ्या संकेतस्थळावर असतात.

मूळ कंपनीचे संकेतस्थळ ओळखताना शोधयंत्राच्या पहिल्या निकालावर विसंबू नये. मॅन्युअल गोळा करून जाहिरातींसह दाखवणारी आणि ड्रायव्हर (उपकरण संगणकावर चालवणारे सॉफ्टवेअर) देण्याच्या नावाखाली भलतेच सॉफ्टवेअर उतरवायला लावणारी ठिकाणे अनेकदा वरच्या क्रमांकावर असतात. पत्त्याच्या पट्टीतले मुख्य नाव वाचावे आणि ते उत्पादनाच्या लेबलवर किंवा सोबतच्या कागदावर छापलेल्या पत्त्याशी पडताळून पाहावे. मॅन्युअल दुसऱ्या ठिकाणाहून घ्यावे लागले तर एक वेळ चालते, फर्मवेअर आणि ड्रायव्हर मात्र मूळ कंपनीखेरीज कोठूनही घेऊ नयेत.

मोठ्या कंपन्यांची देशागणिक वेगळी संकेतस्थळे असतात आणि त्यांवरील यादी त्या बाजारापुरती मर्यादित असते. आपले मॉडेल एका देशाच्या पानावर सापडले नाही, तर पानाच्या तळाशी किंवा वरच्या कोपऱ्यात असलेल्या देशनिवडीतून ज्या बाजारासाठी ते बनले तो देश निवडून पाहावा. मात्र सारख्या नावाच्या दोन देशांतल्या मॉडेलांत विद्युतदाब, वारंवारिता, प्लगचा प्रकार किंवा रेडिओचे पट्टे वेगळे असू शकतात. त्यामुळे परक्या पानावरचा आकडा आपल्या लेबलवरच्या आकड्याशी जुळवल्याशिवाय वापरू नये.

आत शिरण्याचे मार्ग

मुख्य पानावरची मोठी चित्रे ओलांडून थेट सपोर्ट, डाउनलोड्स, डॉक्युमेंटेशन, रिसोर्सेस किंवा टेक्निकल लायब्ररी अशा नावांचा दुवा शोधावा. तो वरच्या पट्टीत नसेल तर पानाच्या अगदी तळाशी पाहावे. विक्रीशी संबंध नसलेले दुवे बहुतेक कंपन्या तिथेच ढकलतात. उत्पादनाच्या पानावरही वर्णन, वैशिष्ट्ये, स्पेसिफिकेशन्स आणि डॉक्युमेंट्स असे वेगळे कप्पे असतात. नवखा वाचक स्पेसिफिकेशन्सपाशी थांबतो. खरे काम त्याच्या शेजारच्या डॉक्युमेंट्समध्ये असते.

काही कंपन्यांनी तांत्रिक तपशिलांसाठी स्वतंत्र जागा ठेवलेल्या आहेत आणि त्यांची नावे माहीत असणे फार सोयीचे असते. इंटेलच्या प्रोसेसरांची सूची एआरके या नावाने ओळखली जाते. लेनोव्होच्या संगणकांचे बारकावे पीएसआरईएफ या संग्रहात मिळतात आणि एचपीच्या व्यावसायिक संगणकांसाठी क्विकस्पेक्स नावाचे दस्तऐवज असतात. रॅमच्या किती पट्ट्या बसतात, एसएसडी कोणत्या लांबीची चालते, चार्जर किती वॅटचा लागतो यांसारख्या प्रश्नांची उत्तरे जाहिरातीच्या पानापेक्षा अशा संग्रहांत कितीतरी स्पष्ट असतात. डेलसारख्या कंपनीच्या सपोर्ट पानावर लॅपटॉपवरचा सर्व्हिस टॅग टाकला, की कारखान्यातून निघताना त्या विशिष्ट यंत्रात कोणते भाग होते याची यादीच समोर येते. माझ्या मते नवशिक्याने सिरीयल क्रमांक किंवा टॅग विचारणारी चौकट दिसली की प्रथम तीच वापरावी.

संकेतस्थळाचा स्वतःचा शोध बऱ्याचदा निराश करतो. क्रमांकातले आडवे चिन्ह किंवा मोकळी जागा इकडची तिकडे झाली तरी तो काही दाखवत नाही आणि अनेकदा पीडीएफच्या आतला मजकूर शोधतच नाही. अशा वेळी गूगलसारख्या बाहेरच्या शोधयंत्राकडून तेच संकेतस्थळ तपासून घ्यावे. आधी क्रमांक दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावा, म्हणजे तो जसाच्या तसा शोधला जातो. त्यापुढे 'साइट' हा शब्द, कोलन आणि लगेच कंपनीच्या संकेतस्थळाचे मुख्य नाव लिहावे. त्यामुळे शोध त्या कंपनीपुरता मर्यादित राहतो आणि तिच्या सपोर्टसाठीच्या उपसंकेतस्थळांचाही त्यात समावेश होतो. शेवटी 'फाइलटाइप', कोलन आणि 'पीडीएफ' असे जोडले, की विक्रीची पाने गळून दस्तऐवज तेवढे उरतात. हे सारे इंग्रजी अक्षरांत आणि कोलननंतर जागा न सोडता टंकावे. निकाल फारच कमी आले तर क्रमांकाच्या शेवटून एकेक अक्षर कमी करत जावे, कारण अनेक दस्तऐवज संपूर्ण मालिकेसाठी एकत्र लिहिलेले असतात आणि त्यांत आपला पूर्ण क्रमांक कुठेच नसतो.

शोधयंत्राच्या माथ्यावर हल्ली आपोआप तयार झालेला सारांशही दिसतो. तो सोयीचा वाटतो, परंतु जवळच्या दोन मॉडेलांचे आकडे त्यात एकमेकांत मिसळलेले असू शकतात. सारांशातला आकडा घेऊ नये. त्याखालचा दुवा उघडून मूळ दस्तऐवजात तो आकडा डोळ्यांनी पाहावा.

काही कागदपत्रे नोंदणी केल्याशिवाय उघडत नाहीत. विनामूल्य नोंदणी करण्यास हरकत नसते. मात्र सेवाकेंद्रांसाठीचे तपशीलवार दस्तऐवज अनेक कंपन्या केवळ अधिकृत दुरुस्तीकारांनाच देतात आणि तिथे नोंदणी करूनही उपयोग होत नाही.

कोणत्या प्रश्नासाठी कोणता दस्तऐवज

ब्रोशर वाचून वस्तू कोणत्या कामाची आहे हे कळते, त्यापलीकडे त्यावर विसंबू नये. मोजमाप, मर्यादा आणि विद्युत गुणधर्म डेटाशीटमध्ये असतात. भिंतीपासून किती अंतर सोडावे, कोणत्या जाडीची वायर वापरावी, पाइप कुठून काढावा हे इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये असते. यंत्र उघडण्याचा क्रम, स्क्रूंची लांबी आणि सुट्या भागांचे क्रमांक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात. तो भाग प्रत्यक्ष मंडलात किंवा यंत्रात कसा वापरावा आणि कुठे घोटाळा होतो, हे ॲप्लिकेशन नोटमध्ये सविस्तर सांगितलेले असते. नवशिक्याला शिकण्यासाठी माझी पहिली पसंती ॲप्लिकेशन नोटलाच राहील. तिच्यात केवळ आकडे नसतात, त्या आकड्यांमागची कारणे असतात, आणि तरीही ती फार थोडे लोक उघडतात.

रंग, गोंद, वंगण, सफाईची द्रावणे अशा वस्तूंच्या बाबतीत दोन दस्तऐवजांची हमखास गल्लत होते. सेफ्टी डेटाशीट हा सुरक्षेसाठीचा दस्तऐवज आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक वर्गीकरण पद्धतीनुसार तो ठरावीक १६ विभागांत लिहिलेला असतो. विभाग ३ मध्ये घटकद्रव्ये, ४ मध्ये प्रथमोपचार, ७ मध्ये हाताळणी आणि साठवण, ८ मध्ये हातमोजे व मास्क यांसारखी संरक्षक साधने, ९ मध्ये भौतिक व रासायनिक गुणधर्म आणि १४ मध्ये वाहतुकीची माहिती मिळते. हा क्रम कंपनी बदलली तरी बदलत नाही, म्हणून एकदा लक्षात ठेवला की कोणतीही सेफ्टी डेटाशीट झटपट चाळता येते. परंतु रंग किती वेळात वाळतो, एका लिटरमध्ये किती क्षेत्र रंगते, गोंदाचे दोन भाग कोणत्या प्रमाणात मिसळावेत, या प्रश्नांसाठी टेक्निकल डेटाशीट हा वेगळा दस्तऐवज असतो. गोंद किती वजन पेलतो हे सेफ्टी डेटाशीटमध्ये शोधणाऱ्याला तिथे फक्त तो डोळ्यात गेल्यास काय करावे हे सापडते.

आकडा आणि त्याची अट

दस्तऐवज हाती आल्यावर वाचण्याची खरी कसोटी लागते. डेटाशीटचे पहिले पान अनेकदा विक्रीच्या भाषेकडे झुकलेले असते. त्यावरचे आकडे खोटे नसतात, पण ते सर्वांत अनुकूल परिस्थितीतले असतात. आत गेल्यावर 'ॲब्सोल्यूट मॅक्सिमम रेटिंग्ज' नावाचा तक्ता लागतो आणि नवशिक्यांचा सर्वाधिक गैरसमज याच तक्त्याने होतो. ही वापराची मर्यादा नव्हे, नुकसानीची मर्यादा आहे. ती ओलांडल्यास वस्तू कायमची बिघडू शकते आणि तिच्याजवळ सतत ठेवल्यास आयुष्य घटते. वापरासाठीची मर्यादा 'रेकमेंडेड ऑपरेटिंग कंडिशन्स' या शेजारच्या तक्त्यात असते आणि रचना करताना तीच धरावी.

त्यापुढच्या तक्त्यांत किमान, नमुनेदार (टिपिकल) आणि कमाल असे तीन स्तंभ असतात. मधला आकडा आकर्षक असतो, पण तो सामान्यतः मिळणारे मूल्य सांगतो, त्याची हमी देत नाही. हमी किमान आणि कमाल स्तंभांत असते. मधला आकडा भरलेला आणि बाजूचे दोन्ही रिकामे दिसले, तर कंपनी त्या गुणधर्माबद्दल काहीही बांधून घेत नाही असे समजावे. प्रत्येक ओळीला चाचणीची अटही जोडलेली असते: तापमान २५ अंश, भार अमुक, दाब तमुक. आपल्या वापरातली परिस्थिती त्याहून वेगळी असेल, तर तक्ता सोडून पुढच्या पानांवरचे आलेख पाहावेत.

एलएम३१७ च्या माहितीत १.५ अँपिअर हा आकडा ठळकपणे येतो. आता १२ व्होल्ट आत देऊन ५ व्होल्ट बाहेर घ्यायचे आणि केवळ १ अँपिअर वापरायचा ठरवला, तरी उरलेल्या ७ व्होल्टमुळे त्या छोट्या भागात ७ वॅट उष्णता निर्माण होते. ती बाहेर काढण्यासाठी पुरेसा हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा तुकडा) नसेल, तर आतली संरक्षणव्यवस्था प्रवाह कमी करते आणि वापरणाऱ्याला वाटते की भाग सदोष आहे. पहिल्या पानावरच्या आकड्याला उत्तर आत, उष्णतेच्या तक्त्यात होते.

पाण्याच्या पंपाचे उदाहरण याहून सामान्य आहे. जाहिरातीत कमाल हेड (पाणी चढवण्याची उंची) आणि कमाल डिस्चार्ज (ठरावीक वेळात मिळणारे पाणी) हे दोन आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात आणि वाचणारा समजतो, की पंप तितक्या उंचीवर तितके पाणी चढवेल. सामान्य सेंट्रिफ्यूगल पंपात ही दोन टोके आहेत: कमाल हेडला डिस्चार्ज शून्य असतो आणि कमाल डिस्चार्ज मिळतो तेव्हा हेड अगदी कमी असते. मॅन्युअलमध्ये किंवा कॅटलॉगमध्ये पंपाचा आलेख दिलेला असतो. आपल्या टाकीची उंची आणि त्यात पाइप व बेंडमधल्या घर्षणाचा वाटा मिळवून आलेले हेड त्या आलेखावर धरावे आणि तिथे किती डिस्चार्ज मिळतो ते वाचावे. आलेखच न देणाऱ्या कंपनीचा पंप घेण्यापूर्वी मी तरी दोनदा विचार करेन.

अशा अटी सर्वत्र लपलेल्या असतात. १०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक म्हणजे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलची क्षमता. ती ३७ वॅट-तास होते आणि ५ व्होल्टवर बाहेर घेताना, रूपांतरातली गळती सोडून दिली तरी, ७,४०० मिलिअँपिअर-तासांपेक्षा जास्त मिळू शकत नाही. १ टेराबाइटची डिस्क कंपनी एक लाख कोटी बाइट या हिशेबाने विकते, विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजून ती ९३१ गीगाबाइट दाखवते. डिस्कमध्ये काही कमी नसते. एलईडी दिव्याच्या आयुष्यापुढे एल७० असे लिहिलेले असेल, तर तेवढ्या तासांनी दिव्याचा प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येतो एवढाच अर्थ घ्यावा. धूळ आणि पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या आयपी६७ मानांकनातला ६ धुळीपासून पूर्ण संरक्षण सांगतो आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटे तात्पुरते बुडवण्याची चाचणी. जोराच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते आणि आयपी६७ मध्ये ती आपोआप येत नाही. फवाऱ्याने धुवायचे उपकरण असेल, तर आयपी६५ किंवा आयपी६६ हे मानांकनही स्वतंत्रपणे दिलेले आहे का ते पाहावे.

या सर्व ठिकाणी खुलासा बहुधा त्याच पानावर तळटिपेत असतो. आकड्याच्या डोक्यावर तारा किंवा लहान अंक दिसला, की आधी खाली जाऊन ती तळटीप वाचावी आणि मगच पुढे जावे.

आवृत्ती आणि तारीख

दस्तऐवजाच्या तळाशी किंवा शेवटच्या पानावर आवृत्ती आणि महिना-वर्ष छापलेले असते. डेटाशीटच्या अखेरीस 'रिव्हिजन हिस्ट्री' असेल तर ती अवश्य पाहावी, कारण कोणता आकडा कधी बदलला हे तिथेच कळते. सर्वांत नवा दस्तऐवज नेहमीच योग्य असतो असे नाही. हातातले यंत्र आठ-दहा वर्षांपूर्वीचे असेल, तर त्या काळातले मॅन्युअल अधिक उपयोगी ठरते. नव्या आवृत्तीत मेनूंची नावे, जोडणीचे क्रम आणि सुट्या भागांचे क्रमांक बदललेले असू शकतात.

सुट्या भागांच्या बाबतीत उत्पादनाची सद्यस्थितीही पाहावी. 'ॲक्टिव्ह' म्हणजे उत्पादन चालू आहे. 'एनआरएनडी' म्हणजे भाग मिळतो, पण नव्या रचनेत तो वापरू नये असा कंपनीचा सल्ला आहे. 'ऑब्सोलीट' म्हणजे उत्पादन बंद झाले आहे. मायक्रोकंट्रोलरसारख्या गुंतागुंतीच्या चिपसाठी 'इराटा' नावाचा वेगळा दस्तऐवज असतो आणि चिपमधले ज्ञात दोष त्यात प्रामाणिकपणे लिहिलेले असतात. डेटाशीटप्रमाणे सर्व काही करूनही चिप वेगळीच वागत असेल, तर स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये आठवडाभर चूक शोधण्यापूर्वी इराटा उघडावी.

उपयोगी पडलेला दस्तऐवज लगेच उतरवून ठेवावा. संकेतस्थळाची पुनर्रचना झाली, की जुने दुवे तुटतात आणि बंद पडलेल्या उत्पादनांची पाने काढून टाकली जातात. फाइलला क्रमांक, दस्तऐवजाचा प्रकार आणि आवृत्ती असलेले नाव द्यावे. कंपन्या देतात ती नावे बहुधा निरर्थक अंकांची असतात आणि महिन्याभराने ओळखू येत नाहीत. पान आधीच नाहीसे झाले असेल, तर त्याचा जुना पत्ता जुनी वेबपाने जतन करणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून पाहावा. तिथे पानाबरोबर कधी कधी पीडीएफही जतन झालेली असते.

तरीही न सापडल्यास

कंपनीने स्वतः न ठेवलेली माहिती काही वेळा नियामक संस्थांकडे सापडते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेडिओयुक्त उपकरणांवर एफसीसी (तिथली दूरसंचार नियामक संस्था) आयडी छापलेला असतो; तो एफसीसीच्या संकेतस्थळावर टाकल्यास चाचणीचे अहवाल, वापराचे मॅन्युअल आणि पुष्कळदा उपकरणाच्या आतली छायाचित्रे पाहायला मिळतात. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून आलेल्या नव्या ऊर्जा लेबलांवर क्यूआर कोड असतो आणि तो ईप्रेल या सार्वजनिक नोंदवहीतल्या त्या मॉडेलच्या पानावर नेतो. इलेक्ट्रॉनिक भागांसाठी डिजी-की आणि माउसर यांसारख्या मोठ्या वितरकांच्या पानांवर डेटाशीटचे दुवे असतात आणि अनेक कंपन्यांचे भाग तिथे गुणधर्मांनुसार गाळून शेजारी ठेवून पाहता येतात. मात्र वितरकाच्या तक्त्यातला आकडा अंतिम मानू नये, डेटाशीट उघडून त्याची खातरजमा करावी.

त्यानंतर कंपनीला लिहावे. 'या उत्पादनाची संपूर्ण माहिती पाठवा' अशा पत्राला ब्रोशरचा दुवा हेच उत्तर येते, कारण पत्र वाचणाऱ्याला आपण पहिल्या प्रकारचे वाचक वाटतो. पत्रात पूर्ण मॉडेल क्रमांक, सिरीयल क्रमांक, हार्डवेअर आवृत्ती आणि वस्तू कुठे वापरायची आहे हे एका वाक्यात सांगावे. कोणता दस्तऐवज, कोणत्या आवृत्तीचा आणि कोणत्या पानापर्यंत आपण वाचला ते लिहावे. आणि त्यानंतर एकच नेमका प्रश्न विचारावा, जसे की पान १२ वरच्या तक्त्यातला कमाल दाब ५० अंश तापमानालाही लागू होतो का. असा प्रश्न विक्री विभागाकडे आला, तरी तिथल्या माणसाला तो तांत्रिक विभागाकडे पाठवण्यावाचून गत्यंतर नसते. सपोर्टच्या अर्जात 'टेक्निकल' आणि 'सेल्स' असे पर्याय असतील तर पहिला निवडावा, आणि लेबलचे छायाचित्र जोडता येत असेल तर तेही जोडावे.

दूरध्वनीवर मिळालेले तांत्रिक उत्तर ईमेलने लेखी मागून घ्यावे. ते आल्यावर मूळ दस्तऐवजाच्याच फोल्डरमध्ये तारखेसह ठेवावे, कारण पुढच्या आवृत्तीत तो खुलासा छापला जाईलच याची खात्री नसते.